मुलींच्या माध्यमिक शाळेतील विषयविभाग आणि अभ्यासक्रमाचा प्रश्न

शाळेचे वेळापत्रक ही वरवर पाहता केवळ व्यवस्थेची बाब वाटते. कोणत्या विषयाला आठवड्याचे किती तास, कोणत्या विषयाला स्वतंत्र खोली, कोणता विषय सक्तीचा व कोणता ऐच्छिक, हे मुख्याध्यापिकेने ठरवावे आणि इतरांनी पाळावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः वेळापत्रकात समाजाने विद्यार्थ्याच्या भावी आयुष्याविषयी केलेली अपेक्षा नोंदलेली असते. मुलींच्या माध्यमिक शाळांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसते. विसाव्या शतकाच्या मध्यास या शाळांत विषयांची जी विभागणी झाली, तिचे स्वरूप व परिणाम यांचा विचार येथे करावयाचा आहे.

मुलींचा अभ्यासक्रम मुलांपेक्षा वेगळा असावा की नसावा, हा वाद या काळात नव्याने निर्माण झालेला नव्हता. १८८२ च्या हंटर आयोगाने मुलींसाठी गृहजीवनाशी जुळणाऱ्या वेगळ्या अभ्यासक्रमाची शिफारस केली होती. १८८४ मध्ये पुण्यास मुलींचे हायस्कूल, म्हणजेच पुढे हुजूरपागा या नावाने प्रसिद्धीस आलेली शाळा, निघाली, तेव्हा तेथील शिक्षणक्रमावर तीव्र वाद झाला. १९१६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. त्यात मातृभाषेचे माध्यम स्वीकारले आणि गृहशास्त्र व आरोग्यशास्त्र यांना मानाचे स्थान दिले. १९२७ मध्ये पुण्यासच भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचा मुख्य विषय शिक्षणसुधारणा हाच होता. त्याच चळवळीतून १९३२ मध्ये दिल्लीचे लेडी अर्विन महाविद्यालय उभे राहिले. वेगळा अभ्यासक्रम मागणारे सर्वच लोक स्त्रीशिक्षणाचे विरोधक नव्हते, हे यावरून ध्यानात येईल. कर्व्यांच्या मते परकी भाषा व परकी परीक्षा यांच्या ओझ्याने असंख्य मुली शिक्षणाबाहेरच राहत होत्या. त्यांना आत आणण्याचा मार्ग म्हणून त्यांनी वेगळेपण पत्करले.

स्वातंत्र्योत्तर काळात मात्र प्रश्नाची मांडणी बदलली. १९५० च्या संविधानाने लिंगभेदावर आधारलेला पक्षपात निषिद्ध ठरविला. मुंबई राज्यात विद्यापीठाच्या मॅट्रिक्युलेशन परीक्षेच्या जागी १९४९ पासून स्वतंत्र मंडळाची शालान्त परीक्षा सुरू झाली. मुलगे व मुली एकाच परीक्षेस बसू लागले. परंतु परीक्षा एक झाली म्हणून शाळेत मिळणारे शिक्षण एक झाले असे नव्हे. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील स्त्रियांच्या साक्षरतेचे प्रमाण शेकडा ९ हूनही कमी होते. अशा स्थितीत माध्यमिक शाळेपर्यंत पोचलेली प्रत्येक मुलगी कोणता विषय घेते, याला मोठे महत्त्व होते.

१९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने, म्हणजे मुदलियार आयोगाने, सुचविलेली योजना या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगी आहे. भाषा, समाजशास्त्रे, गणितासह सामान्य विज्ञान आणि एक हस्तव्यवसाय असा सर्वांना समान गाभा तिने ठरविला. त्यापैकी समाजशास्त्रे आणि सामान्य विज्ञान-गणित यांचा समान अभ्यास केवळ पहिल्या दोन वर्षांपुरता होता. याखेरीज विद्यार्थ्याने सात गटांपैकी एक गट निवडून त्यातील तीन विषय घ्यावयाचे होते. मानव्य विद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेतकी, ललितकला व गृहविज्ञान असे हे सात गट. विज्ञान गटात पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र, भूगोल, गणित व शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र हे विषय होते. गृहविज्ञान गटात गृह-अर्थशास्त्र, आहार व पाककला, मातृत्व व बालसंगोपन, गृहव्यवस्था व गृहशुश्रूषा हे चार विषय होते. ही गटवार विभागणी माध्यमिक टप्प्याच्या दुसऱ्या वर्षापासून व्हावी, असे आयोगाचे मत होते.

आयोगाने मुलींसाठी वेगळे प्रकरण लिहिले नाही. तशी आवश्यकता उरली नसल्याचे त्याने म्हटले. कोणताही गट कोणासही खुला होता. मात्र गृहविज्ञानाची सोय मुलींच्या शाळांत व सहशिक्षणाच्या शाळांत करावी, अशीही शिफारस त्याने केली. म्हणजे तत्त्वतः गट सर्वांना खुले असले, तरी गृहविज्ञान कोणासाठी आहे हे गृहीतच होते.

येथे शाळेतील विषयविभागाचा व्यावहारिक अर्थ लक्षात घेतला पाहिजे. एखादा विषय शाळेत असणे म्हणजे त्याला शिकविणारी पदवीधर शिक्षिका, योग्य खोली, साहित्य आणि पुरेशा विद्यार्थिनी असणे होय. गृहविज्ञानाला चुली, भांडी व शिवणयंत्रे लागतात. रसायनाला प्रयोगशाळा, पाण्याची सोय व दरवर्षी संपणारी द्रव्ये लागतात. साधने मर्यादित असलेली शाळा सातही गट चालवू शकत नाही. ती दोन वा तीन गट निवडते, आणि ज्या गटाला पालकांची संमती सहज मिळेल तोच प्रथम निवडते. अशा रीतीने विद्यार्थिनीची निवड होण्यापूर्वीच शाळेची निवड झालेली असते.

त्याचा परिणाम पुढे महाविद्यालयाच्या दाराशी दिसतो. ज्या मुलीचा गणिताचा अभ्यास सामान्य पातळीवर दोन वर्षांत संपला, तिला अभियांत्रिकीचा मार्ग मिळणे कठीण. जिने रसायनाची प्रयोगशाळा पाहिली नाही, तिला वैद्यकाकडे नेणारा विज्ञानशाखेचा अभ्यास अवघड. तेरा-चौदा वर्षांच्या वयात, बहुधा दुसऱ्यांनीच केलेली ही निवड पुढे दुरुस्त करणे दुष्कर होते. परीक्षेतील समानता आणि संधीची समानता या दोन गोष्टी येथे एकमेकींपासून वेगळ्या होतात.

तथापि गृहविज्ञान हा विषयच हलका होता, असा निष्कर्ष काढणे अयोग्य ठरेल. आहारशास्त्र हे रसायन व शरीरशास्त्र यांवर उभे आहे. डॉ. कमला सोहोनी यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. केंब्रिज विद्यापीठातून १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळविलेल्या या जीवरसायनशास्त्रज्ञ स्त्रीने नीरेसारख्या भारतीय आहारपदार्थांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले आणि पुढे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालकपद भूषविले. अन्नाचाच विचार प्रयोगशाळेतून झाला की तो विज्ञान ठरतो, आणि स्वयंपाकघराच्या खोलीतून झाला की गृहकृत्य ठरतो. दोष विषयाचा नसून, त्याला मूलभूत विज्ञानापासून तोडण्याचा व तो एकाच लिंगाच्या वाट्याला देण्याचा होता.

या विचाराला स्पष्ट रूप देण्याचे श्रेय हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे जाते. मेहता या मुदलियार आयोगाच्या सदस्या होत्या. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू असताना तेथे गृहविज्ञानाची विद्याशाखा स्थापन झाली होती. त्या विषयाविषयी त्यांना अनास्था होती, असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही राष्ट्रीय स्त्रीशिक्षण परिषदेने १९६० नंतर नेमलेल्या त्यांच्या समितीने असा निर्णय दिला की, शिक्षण हे व्यक्तीच्या पात्रतेशी निगडित असावे, लिंगाशी नव्हे. सबब अभ्यासक्रमात लिंगानुसार भेद नको. गृहविज्ञान वगळावे असे समितीने सुचविले नाही. उलट माध्यमिक टप्प्यापूर्वी ते मुलगे व मुली या दोघांनाही समान विषय म्हणून शिकवावे, असे सुचविले. दोन्ही बाजूंच्या वादात ही सूचना सर्वाधिक मूलगामी होती.

डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने या समितीचे मत उचलून धरले. गृहविज्ञान मुलींना सक्तीचे करू नये, मुलींना गणित व विज्ञान यांकडे वळण्यास उत्तेजन द्यावे, आणि पहिल्या दहा वर्षांत हे दोन विषय सर्वांनाच सक्तीचे असावेत, असे त्याने सांगितले. महाराष्ट्रात दहा वर्षांच्या शालेय शिक्षणाचा नवा आकृतिबंध आला आणि १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. लवकर होणारी गटविभागणी त्यामुळे दहावीच्या पुढे गेली. समितीच्या सूचनेचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे मुलांनाही गृहविज्ञान शिकविणे, मात्र सार्वत्रिक झाला नाही. मुलींना मुलांचे विषय मिळाले. मुलींचे मानलेले विषय मुलांपर्यंत गेले नाहीत.

या कालखंडाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने आयोगांच्या अहवालांवर थांबू नये. जुन्या शाळांतील वेळापत्रके, जडसंग्रह नोंदवह्या, शिक्षिकांच्या नेमणुकीची पत्रे व विषयवार निकाल ही साधने अधिक बोलकी आहेत. प्रयोगशाळेतील तराजू कोणत्या वर्षी खरेदी झाला आणि शिवणयंत्रे कोणत्या वर्षी, या दोन तारखांमधील अंतरात त्या शाळेचे शैक्षणिक धोरण, कोणत्याही उद्देशपत्रिकेपेक्षा अधिक प्रामाणिकपणे, नमूद झालेले असते.