दुय्यमच्या फडापासून मेमरी कार्डापर्यंत

भाऊबीज झाली की वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या गावांत मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस सुरू होतात. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, धानाचा हंगाम हाताशी आलेला असतो, आणि ज्या गावची मंडई त्या गावात दिवसा दंडार किंवा खडी गंमत ही लोकनाट्यं, रात्री नाटक असा बेत ठरलेला असतो. भंडारा जिल्ह्यात गाण्यांची आवडनिवड कशी घडली आणि लोकांनी ती एकमेकांना कशी सांगितली, याचा मागोवा घ्यायचा तर रेडिओपासून सुरुवात करून भागत नाही. रेडिओ यायच्या कितीतरी आधी इथे गाण्यावर मत द्यायची जागा तयार होती. ती जागा म्हणजे दुय्यमचा फड.

दुय्यम खडी गंमत म्हणजे दोन पार्ट्यांचा सामना. एक कलगीची, दुसरी तुऱ्याची. शाहीर, ढोलकीवाला, तुणतुणं, चोनकं, झांज आणि साडी नेसून उभा राहिलेला नाच्या, एवढा संच. सगळं उभ्यानं चालतं. गण-गवळण आटोपली की खरी चुरस लागते. एका शाहिरानं पुराणातला अडचणीचा सवाल गाण्यात गुंफून समोरच्यापुढे टाकायचा, दुसऱ्यानं तो गाण्यातच सोडवायचा. कलगीवाले शक्तीला मोठं मानणार, तुरेवाले शिवाला, आणि हा वाद कधीच मिटणार नाही हे दोघांनाही ठाऊक. ऐकणारा मात्र नुसता बसून राहत नाही. एखादी ओळ बरोबर लागली की कुणीतरी उठतो आणि शाहिराच्या हातात नोट देतो. शाहीर गाणं तिथेच थांबवतो, देणाऱ्याचं नाव आणि गाव माईकवर सांगतो, त्याचे आभार मानतो आणि सुटलेली ओळ पुन्हा उचलतो. त्याबरोबर दुसऱ्या बाजूचा पाठीराखाही उठतो. नोट दहाची की शंभराची, याला फारसं महत्त्व नाही. अमक्या गावच्या अमक्याला ही ओळ पटली, हे साऱ्या फडानं ऐकलेलं असतं. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर त्याला विचारलं जातं, त्यात तुला काय आवडलं? आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. मला ही रीत फार मोलाची वाटते. आवड सांगायची तर नावानिशी सांगायची आणि मग तिचं कारणही द्यायचं.

हीच मांडणी पुढे कव्वालीनं घेतली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. भंडाऱ्याहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर. त्या दोन घटनांनी इथल्या वस्त्यांच्या गाण्याचा विषय पालटून टाकला. वामनदादा कर्डकांची गाणी नाशिककडून निघून इथल्या बुद्धविहारांत पोचली, आणि १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा अशा निमित्तांनी दुय्यम कव्वालीचे कार्यक्रम ठरू लागले. दोन कव्वाल समोरासमोर, हार्मोनियम-ढोलक, टाळ्यांचा ठेका, आणि तीच बक्षिसाची, तीच नाव पुकारायची पद्धत. ढंग कव्वालीचा, मजकूर इतिहासाचा आणि हक्काचा. ऐकायला येणारे एकाच समाजाचे असत असंही नाही. चांगला कव्वाल आला आहे म्हटल्यावर शेजारच्या टोलीतली माणसं कांबळं घेऊन येत.

तिकडे गुरुदेव सेवा मंडळाची भजनं होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, पण त्यांची खंजिरी विदर्भातल्या गावांतून गेली नाही. त्यांनी मराठीत लिहिलं आणि हिंदीतही लिहिलं, त्यामुळे आमच्याकडच्या माणसाला गाण्याची भाषा बदलली म्हणून परकं कधी वाटलं नाही. तुमसर-मोहाडीकडच्या पोवार घरांत पोवारीतली गाणी वेगळीच. बालाघाटकडून आलेली सून आपल्या माहेरची चाल घेऊन येई आणि रोवणीच्या वेळी चिखलात वाकून ती पहिली ओळ सोडी. बाकीच्या बाया ती उचलत. पऱ्हे लावून होईपर्यंत ते गाणं या गावचं झालेलं असे. बायांना दुय्यमच्या फडात नोट घेऊन उठता येत नव्हतं. त्यांची आवडनिवड धानाच्या बांधीत ठरत होती, आणि तिची नोंद कुणी ठेवली नाही.

रेडिओनं हे काही अंशी बदललं. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं. चार वर्षांनी नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ बंद झाली. शास्त्रीय संगीतानं देशाचे कान घडावेत हा त्यांचा हेतू प्रामाणिक होता, पण लोकांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानी पायदानं सांगत, आणि कुठलं गाणं कितव्या पायदानावर जाणार यावरून पैजा लागत. रेकॉर्डची विक्री आणि ठिकठिकाणच्या श्रोतासंघांची पसंती यांवर तो क्रम ठरत असे. म्हणजे फडातल्या नोटेचं काम आता पत्र करू लागलं. १९५७ साली आकाशवाणीनं विविध भारती सुरू करून चित्रपटगीतांना पुन्हा दार उघडलं. १९६७ मध्ये विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, तेव्हा त्यासाठी निवडलेल्या पहिल्या तीन शहरांत मुंबई-पुण्यासोबत नागपूर होतं. भंडाऱ्याच्या ट्रान्झिस्टरला ते स्टेशन स्वच्छ लागे.

त्या काळी रेडिओला लायसन्स लागे आणि त्याचे पैसे दरवर्षी पोस्टात भरावे लागत. फर्माईशीचं कार्डही त्याच पोस्टातून जाई. ऐंशीच्या दशकात कार्ड १५ पैशांना मिळत असे. बारीक अक्षरात गाण्याचे बोल, चित्रपटाचं नाव, गायक, आणि खाली घरातल्या सगळ्यांची नावं. निवेदिकेच्या तोंडून तुमसर, साकोली, लाखनी, पवनी ही गावं ऐकू आली की त्या गावात दोन दिवस त्याचीच चर्चा. या यादीत बायकांची नावं असत, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्यांना फडात उठता आलं नाही, त्यांचं नाव आणि त्यांची पसंती आता साऱ्या इलाख्यानं ऐकली. बिडी बांधणाऱ्या बाया तर पक्क्या रसिक. हात पानावर आणि कैचीवर, कान पूर्ण मोकळे. दिवसभर ऐकणारं माणूस बारकाईनं ऐकतं. कुठल्या गाण्याचा दुसरा अंतरा रेडिओवर कापतात, लता आणि आशा यांची तीच जागा कशी वेगळी पडते, यावर तिथे जे बोललं जाई, ते मी पुढे कुठल्या समीक्षकाकडून फारसं ऐकलं नाही.

पण याच काळात एक गोष्ट घडत होती आणि तेव्हा ती कुणाच्या ध्यानात आली नाही. आम्ही मुंबईची गाणी मागत होतो. आमच्या फडातलं गाणं मात्र मागायची सोय नव्हती. खडी गंमतीची रेकॉर्ड निघत नसे, दंडारीची तर नाहीच. नागपूर केंद्राच्या लोकसंगीताच्या कार्यक्रमात कधी एखादा शाहीर येऊन जाई, तेवढंच. जे छापलं गेलं आणि तबकडीवर चढलं तेच फिरलं.

कॅसेट आली आणि हे चित्र अर्धं पालटलं. ऐंशीच्या दशकात तालुक्याच्या गावी कॅसेट भरून देणारी दुकानं निघाली. ग्राहक वहीच्या कागदावर गाण्यांची यादी घेऊन येई. साठ मिनिटांची फीत, एका बाजूला तीस मिनिटं. दुकानदार यादी वाचता वाचता मनात वेळेची बेरीज करी आणि स्पष्ट सांगे, हे सहा मिनिटांचं आहे, बसणार नाही. याच्या जागी अमकं घ्या. दोन डेक वायरीनं जोडलेले, एकावर मूळ कॅसेट, दुसऱ्यावर कोरी. बाजूच्या शेवटी दोन-अडीच मिनिटं उरली की त्यात काय घालायचं हा त्याच्या हुशारीचा कस. अर्धवट तुटलेलं गाणं चालत नसे. तिथे तो आपल्या मनानं एखादं छोटं गाणं घाली, आणि कित्येकांची गझलेशी पहिली ओळख अशा उरलेल्या जागेत झाली. त्याच्याकडची यादी पाहिली की जिल्ह्याचा कान कळे: मुकेशची दोन, मग प्रल्हाद शिंदेंची भक्तिगीतं, मग भीमगीत, मग एखादं नाट्यगीत, शेवटी नव्या चित्रपटातलं धांगडधिंग्याचं. प्रल्हाद शिंदे गणपतीच्या मांडवातही वाजत आणि १४ एप्रिललाही. एकच गळा दोन्हीकडे आपला वाटे. गाण्याचे प्रकार कप्प्यांत घालून ठेवायची सवय आम्हाला नव्हती, आणि माझ्या मते तेच बरं होतं.

झाडीपट्टी म्हणजे आमचा हा पूर्व विदर्भाचा धानपट्टा; तिथल्या नाटकांनीही हे मिश्रण टिकवून धरलं. वडसा इथल्या मंडळांची नाटकं लाखांदूर तालुक्याला अगदी लागून. दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांचा हंगाम. एकाच रात्री करुण पद, विनोदी गाणं, लावणी आणि हिंदी चालीवरचं युगुलगीत. प्रेक्षक मनासारखं झालं तर पुन्हा म्हणायला लावणार, नाही झालं तर आपसांत बोलायला लागणार. २०२३ साली परशुराम खुणे यांना या रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईत बऱ्याच जणांनी झाडीपट्टीचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

मधल्या काळात १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला, जिल्हा आटोपशीर झाला. सीडीचा जमाना आला आणि लवकर गेला. मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागलं. एका कार्डात शेकडो गाणी, यादी दुकानदाराची तयार. इथे निवड सुटली. आपण काय ऐकणार हे सांगायची गरज उरली नाही आणि का ऐकणार हे विचारणारंही कुणी राहिलं नाही. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेट आलं आणि गाणं पाठवणं अंगठ्याच्या कामाचं झालं. गावाच्या ग्रुपवर दिवसाला कितीतरी गाणी येतात. त्यांवर मत येतं ते अंगठ्याच्या नाहीतर हृदयाच्या चित्रानं. लग्नात डीजेच्या भिंतीसमोर तर बोललेलंच ऐकू येत नाही. ही हानी मला खरी वाटते.

तरी फोनला दोष देऊन मी थांबणार नाही, कारण जे रेडिओनं केलं नाही ते फोननं केलं. आज दुय्यम खडी गंमत, दुय्यम कव्वाली, गोवाऱ्यांचं गायगोधनाचं नृत्य, सगळं यूट्यूबवर आहे. मंडईत कुणीतरी फोन उंच धरून उभा असतो आणि संध्याकाळपर्यंत तो फड पुण्यात नोकरीला असलेल्या साकोलीच्या मुलापर्यंत पोचतो. खाली लोक शाहिराचं नाव घेऊन लिहितात, जुना सवाल आठवतात, उत्तर चुकलं असेल तर तसंही सांगतात. आमचं गाणं पहिल्यांदा मागून मिळू लागलं. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीवर आणि इथल्या लोकरंगभूमीवर पुस्तकं लिहून जे कागदावर आणलं, त्याचा आवाज आता सापडतो.

पण हा आवाज नव्या शाहिरांचा आहे. जुने गेले. त्यांचं गाणं उरलं असेल तर ते घरोघरच्या कपाटांत, टू-इन-वन समोर ठेवून मंडईत भरून घेतलेल्या कॅसेटींवर. त्यांत ढोलकीमागे कुत्री भुंकतात, पोरं रडतात, मध्येच नाव पुकारलं जातं. म्हणूनच त्या अमोल आहेत. फीत ओलाव्यानं चिकटते, बुरशी धरते, आणि आपल्याकडे पावसाळा दमट. तुमच्या घरी अशी कॅसेट असेल तर ती जुन्या टेपवर थेट लावून पाहू नका, तुटेल. नागपुरात किंवा जवळच्या शहरात हे काम जाणणाऱ्याकडून आधी तिची प्रत करून घ्या. प्रतीसोबत एका कागदावर चार गोष्टी लिहा: शाहिराचं नाव, गाव, अंदाजे साल आणि ढोलकी कुणाची. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून लिहा. रोवणीची गाणी येणारी आजी असेल तर तिच्याकडून ती आत्ताच म्हणून घ्या, फोन हातातच आहे. आणि ग्रुपवर पाठवताना खाली दोन ओळी लिहा, तुम्हाला त्यात काय आवडलं ते.