मावशी पडद्यावर येते तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अमरावतीला कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी एकदा ‘मोरूची मावशी’तली मावशी झालो होतो. लुगडं आईचं, अंबाडा उसना. पहिल्याच प्रवेशाला असा हशा उसळला की माझी पुढची दोन वाक्यं कोणाला ऐकूच गेली नाहीत. विंगेतून आमचे सर ओरडले, ‘‘थांब! हशा ओसरू दे.’’ फार्स कसा चालतो, हे मला तिथं कळलं.

मूळ नाटक इंग्रजी. ब्रँडन थॉमस यांचं ‘चार्लीज आँट’ १८९२ मध्ये रंगमंचावर आलं. दोन तरुणांना आपल्या प्रेयसींना घरी बोलवायचं असतं. पण त्यासाठी घरात कोणी वडीलधारी बाई हवी. खरी मावशी वेळेवर येत नाही, म्हणून एका मित्रालाच मावशी करतात. आचार्य अत्र्यांनी १९४७ मध्ये हे नाटक मराठीत आणलं. पुढं १९८५ मध्ये दिलीप कोल्हटकरांच्या दिग्दर्शनाखाली ‘सुयोग’नं ते पुन्हा उभं केलं आणि विजय चव्हाणांची मावशी महाराष्ट्रभर गाजली.

दूरचित्रवाणीलाही या मावशीचा मोह लवकरच पडला. अमेरिकेत सीबीएसच्या ‘प्लेहाउस ९०’ या मालिकेत १९५७ मध्ये आर्ट कार्नी यांनी ही भूमिका केली. तेव्हा आपल्याकडं दूरचित्रवाणी नव्हतीच. दिल्लीत ती १९५९ मध्ये आली, मुंबईत १९७२ मध्ये. आमच्या वऱ्हाडाला आणखी बरीच वाट पाहावी लागली.

पण फार्स छोट्या पडद्यावर नेणं अवघड असतं. रंगमंचावर मावशी पुढं लाजत असते, मागं तिचे मित्र घाबरलेले असतात. प्रेक्षक दोन्ही एकदम पाहतो आणि हसतो. कॅमेरा चेहरा जवळून दाखवायला गेला, की मागचे मित्र चौकटीबाहेर जातात आणि विनोद अर्धा होतो. सगळे दाखवावेत, तर माणसं बोटाएवढी दिसतात. शिवाय पडद्यावरचा नट घरातल्या हशासाठी थांबत नाही.

अकोल्याला माझी आत्या राहायची. ऐन तारुण्यात वैधव्य आलं आणि त्यानंतर तिनं थिएटरची पायरी कधी चढलीच नाही. ‘लोक काय म्हणतील’ एवढंच तिचं कारण. पुढं सीडीचा जमाना आला, तेव्हा मी तिच्याकडं विजय चव्हाणांचं ‘मोरूची मावशी’ घेऊन गेलो. शेजारच्या बायाही जमल्या. मावशी ठुमकत आली आणि आत्या म्हणाली, ‘‘अरे बाप्पा, हा तं माणूस हाय नं!’’ मग तिला हसू आवरेना. सगळ्या बाया हसू लागल्या. तिकडं पडद्यावर पुढची वाक्यं निघून चालली होती.

मी रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं.

‘‘काहून थांबवलं रे?’’ डोळे पुसत आत्यानं विचारलं.

‘‘हशा ओसरू दे,’’ मी म्हणालो.