जीबीएस : नावात ‘सिंड्रोम’ आहे, म्हणून आजार हलका ठरत नाही

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांत गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजेच जीबीएसचे रुग्ण एकाएकी वाढले. त्यासोबत गैरसमजही पसरले.

गैरसमज : सिंड्रोम म्हणजे नुसती लक्षणं, खरा आजार नव्हे.

वस्तुस्थिती : नेहमी एकत्र दिसणाऱ्या लक्षणांच्या आणि तपासण्यांतल्या खुणांच्या समूहाला सिंड्रोम म्हणतात. तो किती गंभीर, हे त्या शब्दावरून कळत नाही. जीबीएसमध्ये आधी पायांना मुंग्या येतात, जिना चढवत नाही, मग अशक्तपणा वर हातांपर्यंत सरकतो. गुडघ्याखाली हातोडी मारली तरी पाय उडत नाही. पाठीच्या कण्यातल्या पाण्यात प्रथिनं वाढलेली असतात, पेशी मात्र वाढत नाहीत. अर्थात पहिल्या आठवड्यात ही तपासणी नॉर्मलही येऊ शकते. श्वासाचे स्नायू दुबळे पडले तर व्हेंटिलेटर लागतो. उपचार मिळूनही शंभरातले सुमारे पाच रुग्ण दगावतात. याला सौम्य कसं म्हणायचं?

गैरसमज : कारण सापडेपर्यंतच सिंड्रोम, सापडलं की रोग.

वस्तुस्थिती : पुस्तकातली व्याख्या साधारण अशीच आहे, पण व्यवहारात नावं चिकटून राहतात. एड्सच्या नावातला शेवटचा ‘एस’ सिंड्रोमचाच. १९८३ मध्ये विषाणू सापडला, तरी नाव तेच राहिलं. जीबीएसचंही बरंचसं कोडं सुटलं आहे. जुलाब घडवणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूच्या आवरणातले काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे असतात. जुलाब थांबतात, पण जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं मज्जातंतूंवरच तुटून पडतात. तरीही ‘सिंड्रोम’ हेच नाव मला योग्य वाटतं, कारण त्याखाली वेगवेगळे प्रकार येतात. कुणाच्या मज्जातंतूचं आवरण झिजतं, कुणाचा गाभाच दुखावतो. शिवाय आधीचा संसर्ग दरवेळी कॅम्पिलोबॅक्टरचाच असतो असं नाही.

गैरसमज : जीबीएस शेजाऱ्याकडून लागतो.

वस्तुस्थिती : लागतो तो पोटाचा संसर्ग, दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या चिकनमधून. तो झालेल्यांपैकी फारच थोड्यांना जीबीएस होतो आणि त्यांच्यापासून दुसऱ्याला जीबीएस होत नाही. रुग्णाच्या घरच्यांना वाळीत टाकणं हा निव्वळ अन्याय आहे.

मूळ संसर्ग कोणता होता, याचा शोध लागेपर्यंत डॉक्टर उपचारांसाठी थांबत नाहीत. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देतात किंवा प्लाझ्मा बदलतात. दोन्हींचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक होतो. नुसत्या स्टेरॉईडने जीबीएस सुधारत नाही.