फुलकारीची घरातील मांडणी

पानिपतसह पंजाब-हरियाणाच्या पट्ट्यात रूढ असलेली फुलकारी, म्हणजे जाडसर खादीवर पीळ नसलेल्या रेशमाने, उलट बाजूने धागे मोजून भरलेली ओढणी, केवळ पांघरण्यापुरती नव्हती. तिच्यातील ‘दर्शनद्वार’ हा कमानींचा प्रकार धर्मस्थळी अर्पण करण्यासाठी भरला जाई. घरात ती भिंतीवर लावताना मागे वरच्या कडेला कापडी नेफा शिवून त्यात दांडी ओवावी, म्हणजे वजन एका खिळ्यावर न येता सारखे विभागले जाते. चौकटीत बसवल्यास काच व रेशीम यांत फट ठेवावी, कारण कोंडलेल्या दमटपणामुळे बुरशी धरते, तर थेट उन्हाने रंग विटतो. उशीच्या अभ्र्यासाठी मात्र ‘बाग’, म्हणजे संपूर्ण कापड झाकणारी फुलकारी, टाळावी, कारण तिचे लांब टाके बांगड्यांत अडकून उसवतात.

#फुलकारी #पानिपत