ऑन-रोड किती?

तीन कोटेशनं होती. गाडी तीच, व्हेरियंट तेच, रंगही पांढराच. एक दिग्रसच्या शाखेतलं, एक अमरावतीचं, एक नागपूरचं. तिन्हींवर एक्स-शोरूम किंमत ७,४९,०००, रुपयाचाही फरक नाही. तिन्हींवर रस्ता कर ८२,३९०, कारण दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात तो ११ टक्के आहे आणि त्यात कोणाला हात घालता येत नाही. तरीही तळाचा आकडा दिग्रसला ९,१८,८९० आणि नागपूरला ८,८४,६००. आमच्या शेजारच्या मास्तरांची सगळी हयात झेडपीच्या शाळेत गणित शिकवण्यात गेली. त्यांनी तिन्ही बेरजा तपासल्या होत्या. "बेरीज बरोबर हाये," ते म्हणाले, "आकडे कायचे हायेत ते समजून नाई राह्यलं."

मला त्या मधल्या चौतीस हजारांचं कुतूहल वाटलं. म्हणून मास्तरांबरोबर शाखेत गेलो, आणि पुढे त्यांच्याशिवायही जात राहिलो.

शाखा म्हणजे एक गाळा. काचेचं दार, आत दोन टेबलं, भिंतीवर कुठल्यातरी डोंगरातल्या वळणावर उभ्या गाडीचं पोस्टर. मूळ शोरूम यवतमाळला. गाळ्यात एकच गाडी मावते, आणि तीही शनिवार-रविवार यवतमाळला टेस्ट ड्राइव्हला जाते, म्हणजे नोकरदार माणूस गाडी बघायला मोकळा होतो नेमका त्याच दिवशी गाडी नसते. रंग टॅबवर दाखवतात. मागची सीट किती ऐसपैस आहे हे हातानं दाखवतात. आठ-नऊ लाखांची वस्तू माणूस न बघता घेतो, आणि पोरीच्या लग्नाचं लुगडं मात्र चार दुकानं फिरून घेतो, याचं मला तिथे बसून रोज नवल वाटायचं.

घेतो, कारण गरज आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचा वर्धा-कळंब तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. दिग्रसला अजून गाडीची शिट्टी ऐकू आलेली नाही. रात्री छातीत दुखलं तर यवतमाळ, मोठं काही निघालं तर नागपूर. एसटी आपल्या वेळेला, काळी-पिवळी भरली की. मास्तरांना गाडी हवी होती ती बायकोच्या डायलिसिससाठी. हे त्यांनी शाखेत कधीच सांगितलं नाही. गरज कळली की सवलत आटते, असं त्यांचं मत.

दिवस होते सप्टेंबर २०२५ चे. पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी जीएसटी कमी होणार म्हणून सांगितलं आणि त्या दिवसापासून गिऱ्हाईक थबकलं. तीन सप्टेंबरला कौन्सिलनं ठरवलं: छोट्या पेट्रोल गाडीवर उपकरासह २९ टक्के होते ते १८ होणार, पण बावीस तारखेपासून. त्यातच पितृपक्ष. बावीसला घटस्थापना. विक्री बंद पाडायला याहून नेमका मुहूर्त सरकारला शोधूनही सापडला नसता. नव्या दराची कोटेशनं मात्र निघू लागली होती, आणि गाळ्यात बसायला भरपूर वेळ होता.

तिथेच तो भेटला. वय सव्वीस-सत्तावीस, इस्त्रीचा निळा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. जवळच्याच खेड्यातला, बीकॉम. हुद्दा एक्झिक्युटिव्ह. मास्तरांना तो 'सर' म्हणायचा, शेतकऱ्याला 'काका', ठेकेदाराला 'भाऊ' किंवा 'साहेब'. शेवटचे दोन शब्द गळ्यातली चेन बघून ठरायचे. गाडी बघायला आलेल्या माणसाला बसवणं, चहा सांगणं, आधार, पॅन, सातबारा, बँकेचं स्टेटमेंट गोळा करणं, फायनान्सवाल्याच्या मागे लागणं, खेड्यापाड्यात स्वतःच्या मोटारसायकलवर जाणं हे सगळं त्याचं. पेट्रोल अर्ध्याच्या वर त्याच्याच खिशातलं.

"गाडीमागे तुम्हाला काय सुटतं?" मी विचारलं.

"दीड हजार. महिन्याला चार झाल्या तरच. तीन झाल्या तर पगारावर समाधान."

दीड हजार. मी आकडा वहीत लिहून घेतला आणि मग तो कोटेशनच्या प्रत्येक ओळीशेजारी ठेवून बघायची मला सवय लागली.

आता त्या ओळी. विमा ४१,८००. मास्तरांच्या स्वतःच्या विमा एजंटनं त्याच गाडीला २९,६०० सांगितले होते. विम्यातला थर्ड पार्टीचा भाग देशभर सारखा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तो तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, आणि जून २०२२ च्या दरांप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तो १०,६४० रुपये, वर जीएसटी. म्हणजे बारा हजारांचा फरक पडतो तो उरलेल्या भागात: झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट, चावी हरवल्याचा विमा, आणि डीलरला विमा कंपनीकडून मिळणारा वाटा. विमा डीलरकडूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही, विमा नियामकाचे २०१७ चे नियम तसं स्पष्ट सांगतात. सक्ती कोणी करतही नाही. फक्त एवढंच सांगतात की बाहेरून घेतला तर सवलत निघून जाईल, आणि "उद्या ठोकली तर कॅशलेसला त्रास होईन सर." कॅशलेस हे त्या विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे की नाही यावर ठरतं, पॉलिसी कोणाच्या टेबलावर फाडली यावर नाही. हे त्या पोराला पक्कं माहीत होतं. ते वाक्य म्हणताना तो नेहमी स्टेपलरशी चाळा करायचा.

'रजिस्ट्रेशन व इतर' ४,५००. सरकारी शुल्क पाहिलं तर कारच्या नोंदणीला ६००, स्मार्ट कार्डाला २००, आणि कर्ज असेल तर बोजा चढवायला १,५००. तेवीसशे झाले. वरचे बावीसशे 'इतर'. बेसिक किट १७,९००: पायपुसणी, मडफ्लॅप, सीट कव्हर, दाराच्या कडेच्या पट्ट्या आणि एक सुगंधी बाटली. वाढीव वॉरंटी १४,२००. फास्टॅग ६००.

आणि हँडलिंग चार्ज, साडेआठ हजार.

कारखान्यातून गाडी डीलरच्या यार्डात येते, ती यार्डातून शोरूमला आणायची, धुवायची, तेवढ्याचे हे पैसे. एक्स-शोरूम किमतीतच हा खर्च धरलेला असतो, आणि राज्याराज्यांच्या परिवहन खात्यांनी या आकारावरून डीलरांना वेळोवेळी तंबी दिलेली आहे. ओळ मात्र हलत नाही. एका दुपारी एक शेतकरी आले होते, पायात गाळानं भरलेल्या चपला. जिल्हाभर अतिवृष्टीनं शेतं धुऊन नेली होती. यांचं वरच्या रानातलं सोयाबीन वाचलं होतं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"कायची हँडलिंग? गाडी का तान्हं लेकरू हाये?"

पोरगा हसला. मीही हसलो. काका हसले नाहीत. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "दोन क्विंटल सोयाबीन झालं हे." हमीभाव त्या हंगामाला ५,३२८ होता, पण दिग्रसच्या बाजारात व्यापारी त्याच्या खालीच बोलत होते, त्यामुळे हिशेब बाजारभावानं बरोबर होता. ते उठून गेले. परत आले की नाही ते मला कळलं नाही.

डीलरची बाजूही ऐकली. यवतमाळच्या मालकांनी चहा पाजला आणि अर्धा तास दिला. गाडीवर त्यांना साडेतीन-चार टक्के सुटतात, कंपनी महिनाअखेरीस माल यार्डात ढकलते, त्यावर व्याज त्यांचं. हे खोटं नाही. डीलरांच्या 'फाडा' या संघटनेनंच २०२४ च्या सणांच्या तोंडावर सांगितलं होतं की देशभरच्या डीलरांकडे ८० ते ८५ दिवसांचा माल तुंबलाय, सुमारे ७९ हजार कोटींचा. साठा हवा असतो तो एकवीस दिवसांचा. दर कपातीच्या वेळी जुन्या मालावर भरलेल्या उपकराचे अडीच हजार कोटी अडकल्याची तक्रारही त्यांचीच. मालक म्हणाले, "मग आम्ही कमवायचं कुठून? विमा, फायनान्स, ॲक्सेसरीज." प्रामाणिक उत्तर आहे. कंपनीनं ज्या भावात गाडी विकायला सांगितली त्या भावात दुकान चालत नाही, म्हणून उरलेलं दुकान त्या खालच्या ओळींत मांडलेलं. पण मग काचेवर ७,४९,००० चिकटवता कशाला, हे मी विचारलं. त्यावर त्यांनी आणखी एक चहा सांगितला.

पूर्वी वेगळं होतं म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. स्कूटरला वर्षानुवर्षं नंबर लावून बसण्याचे दिवस मास्तरांनी काढलेत. नंबर लागलेला माणूस वर पैसे घेऊन तो दुसऱ्याला विकायचा. मारुती ८०० ची पहिली चावी १४ डिसेंबर १९८३ ला दिली गेली तेव्हा गाडी पन्नास हजारांच्या आत होती आणि ती मिळण्याची रांग मैलभर. तेव्हा माल नव्हता, म्हणून वरचे पैसे. आता यार्डं भरून वाहताहेत आणि वरचे पैसे आहेतच.

मास्तर घासाघीस करायला बसले ते घटस्थापनेनंतर. हिरव्या शाईनं त्यांनी कोटेशन तपासलं, वहीसारखं. पोरगा दर पाच मिनिटांनी फोन घेऊन बाहेर जायचा, यवतमाळच्या मॅनेजरशी बोलायचा, आत येऊन एक ओळ कमी करायचा. खरा सौदा करणारा माणूस मास्तरांनी पाहिलाच नाही. विमा ३१,००० वर आला. किट १२,००० वर. वॉरंटी राहिली. मास्तरांनी हँडलिंगवर बोट ठेवलं. "हे काढा."

"काढता नाई येत सर. सिस्टीममध्ये फिक्स हाये."

"मंग गाडी नाई पाह्यजे."

फोन. पाच मिनिटं. पोरगा आत आला आणि कागद नव्यानं छापला. हँडलिंगची ओळ तशीच, ८,५००. तिच्याखाली एक नवी ओळ: 'विशेष सवलत, वजा ८,५००'. तळाला ८,९३,६९०. मास्तर कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. चाळीस वर्षं पोरांना शिकवलं, म्हणाले, पण मुळात नसलेली रक्कम मिळवून पुन्हा वजा करायचं उदाहरण कधी घातलं नाही. कारण मला नंतर कळलं: ओळ कागदावरून गायब दिसली की पुढचा माणूसही तेच मागतो. सवलत मात्र ज्याची त्याला.

दिग्रस सोडून नागपूरला का नाही गेलात, असं मी विचारलं. "सर्व्हिसिंगला यवतमाळलाच जायचं हाये," ते म्हणाले. ग्राहक आयोग यवतमाळला आहे, १९१५ हा हेल्पलाइनचा क्रमांक आहे, हेही बोलणं झालं. मास्तरांनी क्रमांक कोटेशनच्या पाठीमागे लिहून ठेवला.

डिलिव्हरी धनत्रयोदशीची, १८ ऑक्टोबर, यवतमाळला. एमएच-२९ चा नंबर आधीच पडला होता. डिलिव्हरी बेमध्ये गाड्या एकापाठी एक, प्रत्येकीच्या बॉनेटवर लाल रिबीन, चाकाखाली लिंबं, नारळाचं पाणी फरशीवर. उदबत्ती, झेंडू आणि उन्हात तापलेलं प्लास्टिक यांचा मिळून एक वास तिथे कोंडलेला असतो. तो मला अजून कुठल्याही नव्या गाडीत बसलं की येतो. मास्तर पूजेआधी वाकून काचेखालचा चेसिस नंबर वाचत होते. सतरा अक्षरांतलं दहावं अक्षर वर्षाचं, एस म्हणजे २०२५. महिना फॉर्म २२ वर निघाला: जून. म्हणजे गाडी दर कमी व्हायच्या आधीपासून यार्डात उन्हा-पावसात उभी. "टायरची हवा पाह्यली का?" त्यांनी विचारलं. पाहिली होती. पीडीआयच्या, म्हणजे डिलिव्हरीआधीच्या तपासणीच्या, यादीवर सगळीकडे टिका होत्या, एकाच पेनानं, एकाच झटक्यात.

एक्झिक्युटिव्ह पोरगा दिग्रसहून स्वतःच आला होता, सकाळी सहाला निघून. त्या दिवसाचं त्याचं काम म्हणजे पुठ्ठ्याची मोठी चावी हातात देऊन फोटो काढणं. मग तो मास्तरांना बाजूला घेऊन अगदी हळू बोलला.

"सर, कंपनीतून फोन येईन. दहापैकी किती विचारतीन. दहा सांगजा."

"नऊ सांगतो. डिलिव्हरीला दोन तास उशीर केला तुम्ही."

"सर, नऊ म्हंजे नापास."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. नव्वद टक्क्यांना नापास करणारी शाळा त्यांना ठाऊक नव्हती. फोन आला तेव्हा त्यांनी दहा सांगितले. ज्यानं ओळी आखल्या त्याला कोणी गुण देत नाही; गुण त्या पोराचे, आणि त्याचे गाडीमागचे दीड हजार त्या दहावर टांगलेले.

ऑक्टोबर संपला तेव्हा मी गाळ्यात डोकावलो. सणाचा महिना, मी धरून चाललो होतो की चार सहज झाल्या असतील.

"तीन झाल्या," तो म्हणाला. "चौथी ठेकेदार साहेबांची. बँकेची डिलिव्हरी ऑर्डर एकतीसला संध्याकाळी आली, बिल एक तारखेचं फाटलं. नोव्हेंबरात धरली."

"म्हणजे ऑक्टोबरचे काहीच नाही?"

"नाई. पन नोव्हेंबरची एक झाली ना." त्यानं टॅब माझ्याकडे वळवला. "तुमच्या ओळखीत कोनी हाये का सर, गाडी घेनारं? हँडलिंग मी पाहून घेईन."