पूर्व गावागणिक वळते

खळ्यात मेढीभोवती फिरणाऱ्या बैलाची चाल मेढीपाशी उभे राहून पाहिली तर अगदी साधी असते. अंतर कायम, वेग कायम, दिशा सदा फेरीची. तोच वेग पूर्व आणि उत्तर या दोन सरळ रेषांवर मोजायला घेतला की आकडे क्षणोक्षणी हलू लागतात. आत्ता सगळा वेग पूर्वेकडे, पाव फेरीनंतर सगळा उत्तरेकडे. पहिली मोजणी ध्रुवीय, म्हणजे वक्ररेषीय सहनिर्देशकांची, दुसरी कार्तेशीय.

बिंदूचे स्थान एका पद्धतीतून दुसरीत नेणे सोपे आहे. सदिश नेताना विद्यार्थी अडखळतो तो इथे: बिंदूचे सूत्र सदिशाला चालत नाही. बाण ज्या जागी आहे, त्या जागच्या दिशा आधी ठरवाव्या लागतात. कार्तेशीय अक्ष सगळीकडे तेच राहतात, पण ‘फेरीची दिशा’ पावलागणिक वळते. माझ्या मते पाठ्यपुस्तकांनी सूत्राच्या आधी हे सांगायला हवे.

खळ्यावरून पृथ्वीवर येऊ. सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यातले वरवट बकाल साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७६.७ अंश पूर्व रेखांशावर आहे. समजा, इथला वारा सेकंदाला ३ मीटर पूर्वेकडे आणि ४ मीटर उत्तरेकडे सरकतो आहे. एकूण वेग ५ मीटर. आता तीन अक्ष पृथ्वीच्या केंद्रातून काढू: पहिला विषुववृत्तावर शून्य रेखांशाकडे, दुसरा ९० अंश पूर्वेकडे, तिसरा उत्तर ध्रुवाकडे. या अक्षांवर वरवट बकालची पूर्व (−०.९७, ०.२३, ०) अशी येते आणि उत्तर (−०.०८, −०.३५, ०.९३) अशी. पूर्वेला ३ ने, उत्तरेला ४ ने गुणून बेरीज केली की वारा होतो (−३.२५, −०.७०, ३.७३). वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, वेग पुन्हा ५ मीटरच. उलट यायचे तर या तिकडीचा प्रत्येक स्थानिक दिशेशी अदिश गुणाकार करायचा. दिशा एकमेकींना काटकोनात असल्यामुळे एवढ्यावर भागते.

नागपूर वरवट बकालपेक्षा सुमारे २.४ अंश पूर्वेला आहे, म्हणून तिथली पूर्वही २.४ अंशांनी वळलेली. वाऱ्याचे ३ आणि ४ हे आकडे दोन्हीकडे सारखे असले, तरी अवकाशातले ते दोन बाण समांतर नाहीत.

मग आपल्याला हे जाणवत का नाही? भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात याचे कारण दिले आहे: परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो. पृथ्वीचा परिघ सुमारे ४०,००० किलोमीटर, त्याचा शतांश ४००. वरवट बकाल ते नागपूर हे अंतर त्याच्या आतच बसते. ११५० साली लिहिलेले हे वाक्य वाचताना मला दर वेळी अभिमान वाटतो.

दिशांचा हा वळसा मोजण्यासाठी सर्वेक्षक विल्यम लँबटन यांनी आयुष्य वेचले. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा आखून सुरू झालेली मोजणी ७८ अंश रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत गेली आणि २० जानेवारी १८२३ रोजी आपल्याच विदर्भात, हिंगणघाटला, त्यांचे निधन झाले. दोन ठिकाणचे ओळंबे समांतर नसतात. ताऱ्यांवरून त्यांच्यातला कोन काढायचा, त्रिकोणांच्या साखळीने जमिनीवरचे अंतर काढायचे आणि त्यावरून पृथ्वीचा आकार ठरवायचा, असे ते काम होते. अक्षांशाच्या एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र वरवट बकालला १०४ किलोमीटरच भरतो. अंशांतला वेग मीटरमध्ये आणताना हा मापगुणक विसरला तर उत्तर चुकते.

आज शेताच्या बांधावर जमीन मोजणीचा रोव्हर उभा राहतो, तेव्हा उपग्रहांकडून जागा आधी केंद्रातून काढलेल्या त्या तीन अक्षांवरच निघते. समजा, तिच्यात (०.४, १.८, ०.७) सेंटिमीटरची चूक आली. तिन्ही आकडे पाहून वाटते की चूक सगळीकडे थोडी थोडी पसरली आहे. तीच चूक वरवट बकालच्या पूर्व, उत्तर आणि वर या दिशांत वळवली की पूर्व आणि उत्तर जवळजवळ शून्य होतात आणि जवळपास २ सेंटिमीटर एकट्या ‘वर’मध्ये गोळा होतात. उपग्रह सगळे डोक्यावरच्या अर्ध्या आकाशात असतात, पायाखाली एकही नसतो, म्हणून उंची नेहमी आडव्या मापापेक्षा कच्ची निघते. बांधाची रेघ मात्र शाबूत असते.