वाताची पुडी



मागच्या महिन्यात नायगावच्या मंडळीतून वाड्यांसाठी कपडे आले. त्यांतच घरात उरलेल्या गोळ्यांची एक पिशवी होती. देणाऱ्यांचे प्रेम आम्ही जाणतो, पण त्यात प्रेडनिसोलोनच्या पट्ट्या निघाल्या, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

किनवट-माहूरच्या डोंगरात गोंड, कोलाम, आंध बाया मोहफुले वेचतात, डोक्यावर मोळी घेऊन चढउतार करतात. पन्नाशीत गुडघे बोलू लागतात. मग बाजारातून 'वाताची पुडी' येते आणि दोन दिवसांत दुखणे पळते. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. आम्हाला भेटलेल्या एका आजीबाईंचे तोंड गोल सुजले होते, रक्तात साखर चढली होती, आणि पुडी मात्र पदराला बांधलेली.

स्टिरॉइड हे विष नव्हे. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी असेच द्रव्य रोज तयार करतात. 1948 साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन टोचले आणि ती काही दिवसांत चालू लागली. 1950 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. दुष्परिणामही लवकरच दिसले. कुष्ठरोगाच्या रिअ‍ॅक्शनमध्ये हेच प्रेडनिसोलोन हातापायांच्या नसा वाचवते, हे मिशनच्या जुन्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. पण तिथे डॉक्टर डोस ठरवतात आणि हळूहळू उतरवतात.

गुडघ्याच्या झिजेचे तसे नाही. स्टिरॉइड सूज दाबते, झिजलेली कुर्चा भरून देत नाही. सूज फार असेल तर डॉक्टर सांध्यातच सुई देतात. आराम काही आठवडे टिकतो. पुन्हा द्यायची तर निदान तीन महिने थांबतात, कारण वरचेवर दिल्याने कुर्चा आणखी झिजू शकते. झिजेसाठी रोज स्टिरॉइडची गोळी घेण्यात अर्थ नाही. हाडे ठिसूळ होतात, दबलेला क्षय उठतो.

मात्र बरेच दिवस पुडी घेणाऱ्याला "आजच फेकून दे" असे सांगू नका. शरीराने स्वतःचे द्रव्य बनवणे थांबवलेले असते. एकदम बंद केल्यास चक्कर, उलट्या, रक्तदाब घसरणे, प्रसंगी जिवावर बेतते. पुडी हातात घेऊनच त्याला सरकारी दवाखान्यात न्या.

उरलेली औषधे कृपया पाठवू नका. काठ्या, गुडघ्याचे पट्टे आणि दवाखान्यापर्यंतचे एसटीचे भाडे, याची गरज आहे.